अंगणातली वहिवाट

आमच्या घराला दोन दारं होती आणि दोन्ही लोकांची होती. पुढचं दार आमच्या लेआउटच्या गल्लीत उघडायचं, मागचं पलीकडच्या लेआउटच्या रस्त्यावर, आणि मधल्या अंगणातून खाणीच्या सकाळच्या भोंग्यापासून दिवेलागणीपर्यंत माणसं जात-येत असायची. सायकली जायच्या, शेळ्या जायच्या, डोक्यावर टोपली घेतलेली सिंधूबाई भाजीवाली जायची. एकदा तर एक वरात गेली. आत शिरताना बँडवाल्यांनी आदबीनं वाजवणं थांबवलं, ढोलवाला मागच्या दारात अडकला, त्याला दोघांनी आडवा करून आत ओढला, नवरदेव आमच्या रांजणापाशी उभा राहून गटागटा पाणी प्यायला, आणि पुढच्या दारातून सगळे बाहेर पडल्यावर बँड पुन्हा सुरू झाला. आई पिठाच्या हातांनीच उभी होती. नवरदेवाला म्हणाली, "सुखानं राहा बापा." तो कोणाचा कोण होता, हे आम्हाला आजही माहीत नाही.

हे सगळं आज सांगताना मजेचं वाटतं. तेव्हा माझा जीव नकोसा झाला होता. मी नुकती आयटीआयला ड्राफ्ट्समनच्या कोर्सला लागले होते, त्या वयात मुलीला घराकडून पहिली गोष्ट हवी असते ती म्हणजे लागणारी कडी. आमची न्हाणी अंगणाच्या कोपऱ्यात, दाराला गोणपाट. आंघोळ झाली की आतूनच ओरडायचं, "कोनी हाय काय?" आणि बाहेरून एखादा पुरुषी आवाज यायचा, "जाऊन राह्यलो बाई, जराशी थांब." मग सायकलच्या चाकाची टिकटिक पुढच्या दारापर्यंत जाऊन विरेपर्यंत ओल्या केसांनी उभं राहायचं. ड्रॉइंग बोर्ड मांडला की कोणीतरी त्यावरून लांब पाय टाकून जायचं. चपलेचा एक काळा शिक्का माझ्या पहिल्या वर्षाच्या जवळजवळ प्रत्येक शीटवर होता, आणि निदेशक सर विचारायचे, "तू रस्त्यावर बसून ड्रॉइंग काढतेस का?"

आईच्या स्वयंपाकावर तर साऱ्या वस्तीचा डोळा होता. चुलीचं दार अंगणात उघडायचं. आंबाडी शिजत असली की जाणारा म्हणायचा, "आज खट्टी भाजी वाटते." वाळलेले झिंगे भाजले की एक मास्तर नाकाला रुमाल लावून जायचे आणि त्यांच्याच मागून येणारा पॉवर हाऊसचा फिटर थबकून म्हणायचा, "बाई, एवढा वास सुटला, मानूस ड्युटीवर कसा जाईल?" आई त्याला वाटीभर द्यायची. लाखोळीच्या डाळीचं वरण ती नेहमीच एक तांब्या जास्त पाणी घालून करायची, कारण कोण थांबेल याचा नेम नसे. दुपारी खाणीत सुरुंग उडाला की फळीवरची भांडी किणकिणायची, आणि तेवढ्या वेळात अंगणातून जाणारा माणूस जागच्या जागी उभा राहायचा. मग पुन्हा चालू लागायचा. मी मोजून ठेवलं होतं, मागच्या दारापासून पुढच्या दारापर्यंत बत्तीस पावलं. हीच माणसं बाहेरून गेली असती तर नाल्याला वळसा घालून मूल गावाकडे जाणाऱ्या रोडला लागायचं, कोळशाच्या ट्रकांची धूळ खात चालायचं आणि पुन्हा आत वळायचं. पायी पाऊण तास.

असं घर आम्ही बांधलंच कसं, ते सांगायला हवं. बाबा एका खाजगी मोजणीदाराकडे चैनमन होते. शेताच्या एका टोकाला मोजणीदार उभा, दुसऱ्या टोकाला साखळीचं कडं धरून बाबा. चंद्रपूर तेव्हा चहूकडून सुटलं होतं. पॉवर हाऊस झालं, खाणी वाढल्या, गावोगावचे लोक येऊन राह्यले, आणि शहराबाहेरच्या धानाच्या आणि तुरीच्या शेतांचे लेआउट पडायला लागले. बाबा सकाळी जायचे तेव्हा तिथे बांध असायचे, संध्याकाळी परत यायचे तेव्हा चुन्याच्या रेघा. त्या रेघांतून त्यांना गल्ल्या दिसायच्या, कोपऱ्यावरचं किराणा दुकान दिसायचं. जेवताना ताटाच्या कडेला भातानं प्लॉट पाडून दाखवायचे. आमची वस्ती ज्या शेतावर झाली, ते देवाजी पाटलाचं. त्यांनीच बाबांना शेवटचा तुकडा स्वस्तात दिला, पूर्वेच्या धुऱ्याला, म्हणजे शेताच्या हद्दीच्या बांधाला, लागून. दोन खोल्या एका तिरकस उरलेल्या जागेवर, त्यांना चिकटून चूल, आणि पुढे मोकळं लांबरुंद अंगण. आमच्या नात्यात एवढं अंगण कोणाचंच नव्हतं.

धुऱ्यापलीकडे तेव्हा तूर होती. मी आठवी-नववीत असेन तेव्हा तूर गेली, त्या शेताचाही लेआउट पडला, आणि त्याचा मोठा रस्ता सरळ, नाकासमोर येऊन आमच्या मागच्या भिंतीला टेकला. लोकांनी घरं बांधली. बसथांबा, शाळा, बाजार सगळं आमच्या बाजूला. एका दुपारी मागच्या दारावर थाप पडली. सिंधूबाई होती, डोक्यावर वांग्यांची टोपली. "बाई, इथून जाऊ काय वो?" आई म्हणाली, "जा ना." एवढंच. त्या "जा ना"तून पुढची चार वर्षं निघाली.

बाबांना हे मुळीच खपत नव्हतं. एरवी मऊ माणूस, आईला कधी मोठ्यानं बोलले नाहीत, पण या एका गोष्टीवर त्यांचा तोल जायचा. "वहिवाट पडून राह्यली वच्छला, समजते काय तुले? लोकायले एकदा वाट पडली की तो हक्क होते. कोर्टबी काई करू शकत नाई." तीनदा त्यांनी मागच्या दाराला कुलूप घातलं. तिन्ही वेळा ते ड्युटीवर गेल्यावर आईनं उघडलं. चौथ्यांदा त्यांनी किल्ली सोबत नेली, तर आईनं कडीचे खिळेच उपटून ठेवले आणि संध्याकाळी त्यांच्यासमोर पाटावर मांडले. "एवढं मोठं अंगण हाय," ती म्हणाली, "दोन पायाची जागा देल्ली तं काय झिजते?" मी तेव्हा पूर्णपणे बाबांच्या बाजूची होते. वस्तीत सगळे आईच्या चांगुलपणाचे गोडवे गायचे, बुद्धविहारातल्या बायका तिचं नाव घ्यायच्या, आणि मला वाटायचं, ही चांगली म्हणून मी का कुडकुडत न्हाणीत उभं राहायचं?

(आता माझ्या फ्लॅटला एकच दार आहे, त्याला दोन कुलपं आणि एक भिंग. दिवसभरात कोणी बेल वाजवली नाही की मी उगाच उठून दार उघडून जिन्यात बघते. सून म्हणते, "आई, कोणाची वाट बघता?" तिला काय सांगू?)

कोर्सच्या दुसऱ्या वर्षी मला अक्षरांचा सराव करायला जुने कागद हवे होते. बाबांच्या ट्रंकेत मोजणीचे टाकाऊ नकाशे असायचे, मागची बाजू कोरी. एका रविवारी मी ट्रंक उपसली आणि तळाशी एक निळा नकाशा निघाला, घडीवर पांढरा पडलेला. आमचाच लेआउट. मी शिकत होते तेच सगळं त्यात होतं, म्हणून कौतुकानं बघायला लागले. गल्ली सापडली, विहाराची जागा सापडली, विहीर सापडली. आमचं घर सापडेना. गल्लीचा रस्ता सरळ पूर्वेकडे जात होता, धुऱ्यापर्यंत, आणि तिथे तुटक रेघांनी पुढे दाखवला होता. तुटक रेघ म्हणजे काय, ते आम्हाला त्याच महिन्यात शिकवलं होतं. म्हणजे पुढे कधीतरी जोडायचा रस्ता. आमचं अंगण, आमची न्हाणी, आमची चूल त्या रस्त्याच्या पोटात होती. प्लॉट होता तो फक्त दोन खोल्यांपुरता तिरकस तुकडा.

बाबा दारात उभे होते.

"ठेव ते."

"बाबा, आपलं घर तर..."

"ठेव म्हनलं ना."

मग ते खाली बसले, मांडी घालून, माझ्याकडे न बघता. म्हणाले, देवाजी पाटीलच बोलले, की तिकडं पन्नास वर्षं कोणी येत नाही, घाल तिथं घर. वस्ती तेव्हा ग्रामपंचायतीत होती. पुढे हद्दवाढ झाली, कागद इकडचे तिकडे गेले, कुठल्या कपाटात गेले कोणाला ठाऊक. ही एक प्रत तेवढी उरली. "तूच सांग, तो रस्ता कुठी जाऊन राह्यला होता? तुरीत? मानसाले घर नाई, अन् तुरीले रस्ता?" त्या रस्त्याच्या खुंट्या त्यांनी स्वतः ठोकल्या होत्या आणि स्वतःच उपटल्या होत्या. आयुष्यभर दुसऱ्यांचे प्लॉट मोजणाऱ्या माणसाला एकदा मोह झाला, आणि ज्याचा झाला तो जागेचा तुकडा नेमका गावाच्या वाटेत निघाला. "तुझ्या आईले सांगू नको," ते म्हणाले. "तिची झोप जाईल."

मी नाही सांगितलं. पण माझीच गेली. आता मला कळलं, की बाबा वहिवाटीला एवढे का भितात. अंगणातून जाणारं प्रत्येक पाऊल त्या निळ्या नकाशावर पडत होतं. कोणी थांबून भिंतीकडे बघितलं की वाटायचं, याला कळलं. मी बसू शकत नव्हते, अभ्यास करू शकत नव्हते, अंगणात येरझारा घालायचे, आणि येरझारा घालता घालता लक्षात यायचं की मी रस्त्यावर चालतेय. हसू यायचं आणि लगेच रडू.

त्याच उन्हाळ्यात रुमालवाले मास्तर, देशकर त्यांचं नाव, दोन्ही वस्त्यांचे दहा-बारा लोक घेऊन आमच्या अंगणात आले. पलीकडच्या लेआउटमध्ये घरं दुपटीनं वाढली होती, आमच्या दारातून आता मावत नव्हती माणसं. त्यांचं म्हणणं होतं की नगरपालिकेत अर्ज करू, नाल्याच्या काठानं रस्ता मागू. आई सगळ्यांना चहा देत होती. मास्तर म्हणाले, "वच्छलाबाईंनी किती वर्षं उपकार करायचे? आपल्यालाही लाज असली पाहिजे." लोकांनी माना हलवल्या. अर्जाला नकाशा जोडायचा होता. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. फिटर म्हणाला, "करुणा काढून देईल ना. आपल्या घरची पोरगी हाय."

मी बाबांकडे बघितलं. बाबा खुर्चीत ताठ बसले होते. त्यांनी मान डोलावली. नाल्याचा रस्ता झाला तर आमच्या दारातली रांग तुटणार होती, वहिवाट मोडणार होती, घर वाचणार होतं. आणि नाला पावसाळ्यात कसा फुगतो, रस्ता चार महिने पाण्याखाली जाईल, हे त्या सगळ्या लोकांत बाबांइतकं कोणालाच माहीत नव्हतं. त्या रविवारी आम्ही दोघांनी नाल्याचा काठ मोजला. साखळीचं एक टोक त्यांच्या हातात, एक माझ्या. लहानपणापासून मला ते टोक धरायचं होतं. त्या दिवशी ते हातात होतं आणि आम्ही दोघंही एकमेकांशी बोलत नव्हतो.

नकाशा मी सुरेख काढला. तोवरचा माझा तो सर्वांत स्वच्छ कागद होता. नाल्याचा रस्ता दुहेरी रेघेनं, दोन्ही लेआउट, विहीर, विहार. पलीकडच्या लेआउटचा रस्ता आमच्या भिंतीशी आला तिथे मी एक आडवी रेघ मारून तो बंद केला. इंचभराची रेघ असेल. आमचं घर एक चौकोन, अंगणासकट.

(पुढे पस्तीस वर्षं मी नकाशेच काढले, ट्रेसरची नोकरी. शेकडो लेआउट माझ्या टेबलावरून गेले. प्रत्येकाचा रस्ता आपल्या कुंपणाशी येऊन संपतो आणि शेजारच्याचा तिथून दहा फूट बाजूला सुरू होतो. आता तर गेट लावतात, वर कमान, कमानीवर नाव. शहर वाढतंय म्हणतात. मला त्यात नुसत्या आडव्या रेघा दिसतात, आणि प्रत्येक रेघेमागे कोणाचा तरी हात असतो हे मला पक्कं ठाऊक आहे.)

दुसऱ्या दिवशी दुपारी नकाशा न्यायला मास्तर यायचे होते. सकाळी आई तांदूळ निवडत होती. म्हणाली, "दाखव तं, काय काढलं." आईला अक्षर येत नव्हतं, पण मी समजावून सांगितलं की तिला सगळं समजायचं. ही विहीर, हा विहार. तिनं विचारलं, "आपलं घर?" मी चौकोनावर बोट ठेवलं. "अन् लोकायचा रस्ता?" मी नाल्यावर बोट नेलं. ती बराच वेळ बघत राहिली. मग तिनं आपलं तांदळाच्या भुकटीचं बोट माझ्या त्या आडव्या रेघेवर ठेवलं.

"हे काय हाय?"

"ती भिंत, आई."

"हाव," ती म्हणाली. "तुझ्या बापानं बांधली ते."

सूप बाजूला ठेवून ती म्हणाली, "करुणे, या घरात पह्यला सैपाक कशावर केला होता मी, माहीत हाय? सरपन नव्हतं. तुझ्या बापानं रस्त्याच्या खुट्या उपटून आनल्या, चुना लागलेल्या. मले म्हने, जुन्या हाय. मी बारा वर्सं त्याच्या खुट्या पाह्यल्या होत्या, मले काय कळत नाई? त्याच खुट्यायवर भात शिजवला."

"तुला पहिल्यापासून माहीत होतं?"

"मंग? लोकं म्हनते वच्छलाबाई लय मनाची मोठी. कायची मोठी? रस्ता त्यायचा. आपन त्याच्यात चूल मांडून बसलो. जाऊ तं द्याव निदान." तिनं सूप पुन्हा मांडीवर घेतलं. "अन् तुझ्या बापाले सांगू नको मले माहीत हाय म्हनून. त्याची झोप जाईल."

मला हसावं की तिच्या गळ्यात पडावं कळेना. मी विचारलं, "मग मी काय करू? नकाशा बदलू?" ती म्हणाली, "मले कागदातलं काय समजते. तू शिकली. तुले जे दिसते ते काढ." आणि बाहेर कोणीतरी "येऊ काय बाई" म्हटलं, ती "या ना" म्हणाली, आणि सायकल टिकटिकत निघून गेली. तिच्यावर मला तेव्हा राग आला होता, हे मी कबूल करते. घर वाचवायचं की पाडायचं, हे तिनं भाजी आणायला सांगावं तसं माझ्या पदरात टाकलं होतं.

मी अंगणातच बोर्ड मांडला. नवा ट्रेसिंग पेपर लावला. माणसं बाजूनं जात राहिली, मी बोर्ड उचलायचे आणि परत ठेवायचे. नाला नुसता नाला म्हणून काढला. मग गल्लीचा रस्ता सरळ पूर्वेला नेला, आमच्या पुढच्या दारातून, अंगणातून, न्हाणीवरून, मागच्या भिंतीतून, आणि पलीकडच्या रस्त्याला जोडला. दोन्ही रस्ते एकाच रेषेत होते. पट्टी न हलवता रेघ पार गेली. रुंदी लिहिताना मात्र मी थांबले. मग लिहिली, पंचवीस.

बाबा सकाळची मोजणी संपवून जेवायला आले. चप्पल काढता काढता त्यांनी बोर्डकडे बघितलं आणि एक चप्पल पायातच राहिली. मी उठले नाही. वाटलं, आता ते कागद फाडतील, आणि फाडला असता तर मला सुटल्यासारखं वाटलं असतं. ते वाकले. सगळा नकाशा बघितला, एकदा, दोनदा. मग खिशातून चष्मा काढला, माझी पट्टी घेतली आणि आमच्या अंगणावर आडवी ठेवली.

"पंचवीस काऊन?"

मी पेनची निब पुसायला लागले.

"तीस फुटाचा रस्ता होता तो. मी सोता खुट्या ठोकल्या."

"बाबा, तीस दाखवला तर चूल जाते." मी चुलीच्या भिंतीवर बोट ठेवलं. "पंचवीस ठेवला तर चुलीची भिंत वाचते. नुसतं अंगण जाईल. कोणी मोजायला येणार नाही."

त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा घातला. त्यांचे डोळे भरले होते. "दोन ट्रक समोरासमोर आले तं मागं कोन सरन? उद्या मानसं शिव्या देतीन, म्हनतीन इथी रस्ता कोनं खाल्ला." पट्टी माझ्या हातात देत ते म्हणाले, "खरवड ते. सावकाश. कागद फाटन."

मी ब्लेड घेतलं. त्यांनी कागदाची दोन टोकं बोटांनी दाबून धरली, वारा होता म्हणून. पंचवीसची शाई हळूहळू निघाली, खाली पांढुरकं खरखरीत राहिलं, त्यावर मी तीस लिहिलं. आतून आईनं विचारलं, "आले काय गा? चहा मांडू काय?"

बाबांनी कागदावरची बोटं उचलली नाहीत. म्हणाले, "मांड वच्छला. चूल हाय तवरिक मांडून घे."

आत हातातलं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग तिनं काडी ओढली.